खोल पाण्यातली नोंद कुणाची?

पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाच्या मनगटावर आज एक छोटा संगणक असतो. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. तो दर काही सेकंदांनी खोली आणि वेळ टिपतो, शरीरात किती नायट्रोजन मुरला असेल याचा हिशेब मांडतो आणि वर कधी, किती सावकाश यायचे ते सांगतो. बुडी संपते, माणूस किनाऱ्यावर येतो, अंगावरचा पोशाख वाळत घालतो. बुडीची सगळी नोंद मात्र त्या डबीतच राहते. ती बाहेर काढायची तर त्या कंपनीची केबल लागते आणि त्या कंपनीचाच प्रोग्राम लागतो. उद्या केबल मिळेनाशी झाली, प्रोग्राम नव्या संगणकावर चालेनासा झाला किंवा कंपनीच दुसऱ्या कुणी विकत घेतली, तर त्या नोंदीचे काय होते? आणि मुळात ती नोंद कुणाची, पाण्यात उतरलेल्या माणसाची की डबी बनवणाऱ्याची?

या प्रश्नाला उत्तर म्हणून काही प्रोग्रामरांनी एक काम हाती घेतले आणि ते अजून चालू आहे. त्याचे नाव 'लिबडाइव्हकॉम्प्युटर'. इथे लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांना उसना घेता येईल असा तयार कोड. निरनिराळ्या कंपन्यांच्या डाइव्ह कॉम्प्युटरांशी बोलायचे आणि त्यांच्या पोटातली नोंद काढून समजेल अशा रूपात द्यायची, एवढेच या लायब्ररीचे काम. जेफ ड्रीसेन हे तिचे मूळ लेखक, आणि तिच्या सर्वांत जुन्या फायलींच्या माथ्यावर २००८ हे वर्ष आहे.

माझा व्यवसाय यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या चिपांसाठी प्रोग्राम लिहिण्याचा. पाण्याखाली मी हौसेपुरता उतरतो. या दोन्ही कारणांनी या लायब्ररीचा कोड मी गेली काही वर्षे सवडीने वाचत आलो. वाचता वाचता असे वाटू लागले की ही गोष्ट २००८ साली सुरू झालेली नाही. तिची सुरुवात बरोबर शंभर वर्षे आधी, १९०८ साली आहे, आणि ती समजून घ्यायची तर आधी पुलांकडे आणि शेळ्यांकडे जावे लागते.

पूल, शेळ्या आणि छापील कोष्टक

समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर होते तेच शरीरात होते. बुडबुडे सुटतात, सांधे ठणकतात, मज्जारज्जूला इजा झाली तर पाय लुळे पडतात, कधी मृत्यूही येतो.

हे दुखणे जगाला आधी दिसले ते पुलांच्या पायाभरणीत. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी प्रचंड पेट्या उतरवून, त्यांत दाबाखाली हवा भरून, मजूर आत खोदकाम करीत. या पेट्यांना कॅसन म्हणत. अमेरिकेत सेंट लुइस येथे मिसिसिपी नदीवर ईड्स पूल बांधताना डझनाहून जास्त मजूर या विकाराने दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली त्याच विकाराने अंथरुणाला खिळले आणि पुढचे काम त्यांची पत्नी एमिली यांच्यामार्फत चालले. दुखण्याने वाकून चालणाऱ्या मजुरांना चिडवण्यासाठी रुजलेला 'बेंड्स' हा शब्द पुढे रोगाचे नावच झाला. १८७८ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दाबाविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या विकाराचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे हे प्रयोगांनी दाखवले.

कारण कळले, पण किती सावकाश वर यायचे ते कुणालाच ठाऊक नव्हते. ब्रिटिश नौदलाला आपल्या पाणबुड्यांसाठी त्याचे उत्तर हवे होते. ते काम जॉन स्कॉट हाल्डेन यांच्याकडे आले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एका पोलादी दाबकक्षात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. शेळीला सांध्यात दुखू लागले की ती पुढचा पाय उचलून धरते, त्यामुळे तिचे दुखणे बाहेरून ओळखता येई. त्यानंतर १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे पाणबुडे २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप वर आले. त्याच मोहिमेत हाल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख घालून पाण्यात उतरला होता. पोशाख ढगळ असल्याने आत पाणी शिरत होते, तरी तो खाली गेलाच. हा मुलगा म्हणजे पुढे नावाजलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी दाबकक्षात स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले, १९५७ साली ते भारतात स्थायिक झाले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

१९०८ साली बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा निबंध 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकात छापून आला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की शरीर एकजिनसी नाही. काही ऊतींत नायट्रोजन झटकन भरतो आणि झटकन निघतो, काहींत तास लागतात. म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि त्यांना ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे अर्धकाळ दिले. कोणत्याही कप्प्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या ठरावीक पटीपलीकडे जाऊ नये अशा बेताने, टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचे. त्याची कोष्टके त्यांनी निबंधासोबतच छापली.

या इतिहासातली 'छापली' ही क्रिया मला फार महत्त्वाची वाटते. काम नौदलाचे होते, पण प्रयोग, हिशेब आणि कोष्टके सगळ्यांसमोर ठेवली गेली. म्हणून पुढच्या लोकांना त्यांतल्या चुका काढता आल्या. अमेरिकन नौदलाने ती तपासली, बदलली, पुन्हा तपासली. रॉबर्ट वर्कमन यांनी १९६५ मध्ये प्रत्येक कप्प्याला आणि प्रत्येक खोलीला वेगळी मर्यादा देणारी मांडणी केली. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचचे वैद्य आल्बर्ट ब्यूलमान यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९८३ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि गणिताचे सगळे सहगुणक त्यात दिले. त्यांच्या पुढच्या मांडणीत शरीराचे सोळा कप्पे आहेत आणि सर्वांत संथ कप्प्याचा अर्धकाळ ६३५ मिनिटांचा आहे. आजचे कितीतरी डाइव्ह कॉम्प्युटर याच गणितावर किंवा त्याच्या फेरफारांवर चालतात. ज्ञान उघडे होते म्हणूनच ते मनगटापर्यंत पोचले.

कोष्टकातून मनगटावर

कागदी कोष्टकाची एक अडचण होती. त्यात माणूस सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता असे धरावे लागे. प्रत्यक्षात तो खालीवर होत असतो. एका प्रवाळखडकापाशी दहा मिनिटे, दुसऱ्यापाशी पाच. खरा हिशेब हवा तर क्षणोक्षणी गणित करणारे काहीतरी सोबत न्यायला हवे. १९५९ साली इटलीत एक साधे यांत्रिक मीटर निघाले. त्यात वायू एका सच्छिद्र अडथळ्यातून हळूहळू पाझरे आणि काटा हले. एकाच कप्प्याचे ते शरीर. पुढे इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत 'एज' व युरोपात 'डेकोब्रेन' ही यंत्रे बाजारात आली. ती चांगलीच जाडजूड होती. १९८७ च्या सुमारास फिनलंडच्या सून्टोची आणि स्वित्झर्लंडच्या उवाटेकची यंत्रे आली आणि कोष्टकांची सद्दी हळूहळू संपत गेली.

या यंत्रांना स्मृती मिळाली तेव्हा आणखी एक गोष्ट शक्य झाली. यंत्र हिशेब तर करीच, आता ते बुडीची नोंदही ठेवू लागले. जुना पाणबुडा वहीत 'अमुक जागा, अठरा मीटर, चाळीस मिनिटे' एवढे लिही. आता त्या चाळीस मिनिटांचा पूर्ण आलेख मिळू लागला.

कुलूपबंद वही

पण ही वही कुलपात होती. हिशेबाचे गणित उघडे, नोंद मात्र बंद. प्रत्येक कंपनीने संगणकाशी बोलण्याची आपापली बोली ठरवली आणि बहुतेकांनी ती सांगितली नाही. कुणाची केबल सिरियल पोर्टला लागे, कुणाचे यंत्र इन्फ्रारेड किरणांनी बोले, पुढे यूएसबी आले, मग ब्लूटूथ. प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळा, आणि तो बहुधा फक्त विंडोजवर चालणारा.

त्याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. माझे एक परिचित कोकण किनाऱ्यावर स्कूबा शिकवतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांच्याकडे एक जुना डाइव्ह कॉम्प्युटर होता. कोणत्या कंपनीचा ते इथे महत्त्वाचे नाही. अंदमानात शिकत असतानाच्या त्यांच्या बुड्या त्यात होत्या. मूळ केबल गहाळ झालेली, नवी मिळत नव्हती, आणि सोबतच्या सीडीवरचा प्रोग्राम आजच्या विंडोजवर उघडतही नव्हता. कंपनीला पत्र लिहिले तर उत्तर आले की हे मॉडेल आता सांभाळले जात नाही, नवीन घ्या. "घड्याळ नवीन घेईन रे, पण त्या बुड्या नवीन कुठून आणू?" असे दादा म्हणाले. या लायब्ररीच्या कोडमध्ये त्या यंत्राची बोली लिहिलेली होती. बाजारातल्या सुट्या भागांपासून केबल जुळवली आणि तासाभरात बुड्या पडद्यावर आल्या. मी त्यात फार काही केले नाही. अवघड काम कुणीतरी आधीच करून, उघड्यावर ठेवून दिले होते. ते काम कसे होते ते आता पाहू.

बोली ओळखण्याची विद्या

कागदपत्रे न देणाऱ्या यंत्राची बोली शिकायची कशी? अनोळखी भाषा बोलणाऱ्या दोन माणसांच्या शेजारी बसून ती शिकावी तशी. कंपनीचा प्रोग्राम आणि यंत्र यांच्यात तारेवरून जे आकडे जातात ते टिपून ठेवायचे. प्रोग्रामने अमुक चार आकडे पाठवले की यंत्र अमुक बत्तीस आकडे परत देते, शेवटचा आकडा दर वेळी बदलतो, तो बहुधा बाकीच्यांची बेरीज असावा, असे एकेक अंदाज बांधायचे आणि तपासायचे. शेवटचा हा ताळ्याचा आकडा. वाण्याने यादीखाली बेरीज लिहावी तसा तो असतो, आणि वाटेत एखादा आकडा बिघडला तर लगेच कळते. कुणी साधी बेरीज वापरतो, कुणी बेरीज-वजाबाकीपलीकडची गुंतागुंतीची रीत.

कधी अडचण आकड्यांत नसून तारेतच असते. सून्टोच्या व्हायपर या यंत्राच्या जुन्या केबलमध्ये एक छोटे सर्किट असते, आणि त्याला वीज मिळते ती सिरियल पोर्टच्या एका नियंत्रण-तारेतून. ती तार चालू केली नाही तर यंत्र मुके. दुसरी एक तार बोलणे आणि ऐकणे यांच्यात बदल करते, कारण दोन्ही एकाच वेळी होत नाही. कोडमध्ये यासाठी मोजून मिलिसेकंदांची थांबण्याची सूचना आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती ओळ निरर्थक वाटेल. ज्याने कधी यंत्रांची कामे केली आहेत त्याला तिच्यामागच्या रात्री दिसतात.

यंत्राच्या स्मृतीची रचनाही पाहण्यासारखी असते. जागा थोडी असल्याने ती रहाटगाडग्यासारखी फिरती ठेवतात. शेवटच्या गाडग्यानंतर पुन्हा पहिले येते आणि सर्वांत नवी बुडी सर्वांत जुनीवर लिहिली जाते. म्हणून आधी रहाट सध्या कुठे थांबला आहे ते शोधायचे आणि तिथून उलटे मागे जायचे. लायब्ररी त्यामुळे नवी बुडी आधी देते. प्रत्येक बुडीला एक ओळखीचा ठसा असतो. मागच्या वेळी उतरवलेला ठसा पुन्हा दिसला की थांबायचे, म्हणजे तीच ती बुडी पुन्हा उतरवावी लागत नाही.

मग त्या आकड्यांचा अर्थ. सून्टोच्या जुन्या यंत्रांत प्रत्येक नोंद फक्त एका बाइटची असते, आणि त्यात खोली नसते तर मागच्या नोंदीपासून खोलीत किती फुटांचा फरक पडला ते असते. काही आकडे खुणांसाठी राखून ठेवलेले असतात, जसे फार वेगाने वर आल्याचा इशारा. १२८ हा आकडा आला की बुडी संपली. जागा वाचवण्याची ही युक्ती हुशारीची आहे, पण तिच्यात जोखीम आहे. मधला एक आकडा चुकला तर त्यापुढच्या सगळ्या खोल्या चुकतात. खतावणीतली एक रक्कम चुकली की पुढची प्रत्येक शिल्लक चुकते, तसेच. म्हणून ताळ्याच्या आकड्याची एवढी काळजी.

वेळेचाही असाच घोळ. उवाटेकची काही यंत्रे १ जानेवारी २००० पासूनचे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे ठोके मोजतात. रीफनेटच्या सेन्सस या नोंदयंत्राला तर तारीख ठाऊकच नसते, फक्त ठोक्यांची संख्या ठाऊक असते. मग लायब्ररी नोंद उतरवण्याच्या क्षणी यंत्राचे ठोके आणि आपल्या संगणकाचे घड्याळ दोन्ही बघते, फरक काढते आणि त्यावरून बुडीची तारीख ठरवते. खोलीचेही तेच. यंत्र मोजते तो दाब. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे त्याच दाबाला तलावात खोली थोडी जास्त येते. कोणत्या यंत्राने कोणते पाणी गृहीत धरले ते माहीत नसेल तर दोन यंत्रांच्या नोंदींची तुलना करता येत नाही.

असे एकेका यंत्राचे ज्ञान गोळा होत गेले. एका माणसाने बाजारातले प्रत्येक यंत्र विकत घेणे शक्य नव्हते. म्हणून रीत अशी पडली की ज्याच्याकडे एखादे यंत्र आहे त्याने त्याच्या स्मृतीची जशीच्या तशी नक्कल काढून पाठवायची, सोबत यंत्राच्या पडद्यावर काय दिसते ते लिहायचे, आणि लेखकाने दोन्ही जुळवून अर्थ लावायचा. जगभरच्या अनेक पाणबुड्यांनी असे आपापले आकडे दिले. काही कंपन्यांनीही मदत केली. रीफनेटने आपल्या यंत्रांची माहिती स्वतःच प्रसिद्ध केली, आणि जर्मनीच्या हाइनरिख्स वाइकाम्प यांनी तर आपल्या ओएसटीसी या यंत्राच्या आतला प्रोग्रामच खुला केला. म्हणजे धंदा आणि खुलेपणा यांचे हाडवैर आहे असे नाही.

लायब्ररीचा परवाना एलजीपीएल आहे. त्याचा सोपा अर्थ असा: ती कुणीही वापरावी, विकाऊ प्रोग्राममध्येही जोडावी, पण लायब्ररीत केलेली सुधारणा मात्र लोकांना परत द्यावी. विहीर सगळ्यांची, पाणी कुणीही न्यावे, गाळ काढला तर तो सगळ्यांसाठीच निघावा, अशा जातीची ही अट आहे.

लिनक्सचे काम थांबले तेव्हा

लायब्ररी स्वतः काही दाखवत नाही. तिला एक चेहरा हवा होता. तो मिळाला त्याची कथा गंमतीची आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या गाभ्याचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे आढळले. ते बंद ठेवावे लागले आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हातात अचानक मोकळा वेळ आला. ते हौशी पाणबुडे. उपलब्ध प्रोग्रामांपैकी एकही त्यांना पसंत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच बुड्यांची वही लिहायला घेतली. तिचे नाव 'सबसर्फेस'. यंत्रांशी बोलण्यासाठी तिने लिबडाइव्हकॉम्प्युटरचाच आधार घेतला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्यांचे सहकारी आणि बुडीतले जोडीदार डर्क होंडेल यांनी तिची जबाबदारी घेतली. तिच्यात पुढे बुडीचे आगाऊ नियोजन करण्याची सोयही आली, आणि त्या नियोजनामागे ब्यूलमान यांचे तेच छापील गणित आहे.

टॉरवाल्ड्स यांनी २०१४ मध्ये सून्टोच्या इऑन स्टील या नव्या यंत्राशी बोलणारा भागही लायब्ररीसाठी लिहिला. या यंत्राची नोंद जुन्या यंत्रांहून वेगळी आहे. प्रत्येक फाइल आपल्यातल्या आकड्यांचे वर्णन स्वतःच सोबत घेऊन येते. वहीच्या पहिल्या पानावर रकान्यांची नावे लिहावीत तसे. यंत्रे बदलत आहेत हे खरे, पण वाट सरळ नाही. उवाटेकची एकेकाळची यंत्रे इन्फ्रारेडने बोलत. २०१८ साली लिनक्सच्या गाभ्यातून इन्फ्रारेडचा तो भाग काढून टाकला गेला, कारण तो सांभाळणारे कुणी उरले नव्हते. खुल्या कोडचाही आधार माणसेच असतात. सांभाळणारा गेला की उघडे दारही मोडकळीला येते. सबसर्फेसची मंडळीसुद्धा लायब्ररीची स्वतःची थोडी वेगळी शाखा सांभाळतात, आणि मूळ झाडाशी तिचा मेळ ठेवण्याचे काम कधी संपत नाही.

नोंदीचे मोल

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. सुट्टीतल्या बुड्यांचे आलेख पाहण्यासाठी? तेवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता.

एक उदाहरण घेऊ. १९९५ च्या सुमारास उवाटेकच्या अलाडिन एअर एक्स नायट्रॉक्स या यंत्राच्या काही नगांत हिशेबाची चूक होती. नायट्रॉक्स म्हणजे नेहमीच्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण. बुडी संपवून माणूस काठावर साधी हवा घेत असे, पण यंत्र तो अजून नायट्रॉक्सच घेत आहे असे धरे. त्यामुळे नायट्रोजन प्रत्यक्षाहून लवकर निघून गेल्याचे दिसे आणि पुढच्या बुडीला यंत्र जास्त वेळ देई. ही यंत्रे अमेरिकेत परत मागवण्याची अधिकृत सूचना निघाली ती २००३ साली. यंत्रातली चूक डोळ्यांना दिसत नाही. ती सापडते ती नोंद बाहेर काढून, स्वतंत्रपणे पुन्हा हिशेब मांडून. नोंद आणि हिशेब दोन्ही एकाच कुलपात असतील तर तपासणारा कुठून येणार?

दुसरे, वैद्यकाचे. पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने १९९० च्या दशकात हौशी पाणबुड्यांच्या प्रत्यक्ष बुड्यांचे आलेख गोळा करण्याचा प्रकल्प सुरू केला. हाल्डेन यांच्याजवळ शेळ्या होत्या, नौदलांजवळ तरुण धडधाकट जवान. पन्नाशीतला, थोडे पोट सुटलेला, वर्षातून एकदा पाण्यात उतरणारा माणूस त्या प्रयोगांत नव्हता. त्याच्याविषयी काही सांगायचे तर त्याचीच नोंद हवी. निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी एका साच्यात यायला हव्यात म्हणून यूडीडीएफ यांसारखे खुले साचेही तयार झाले.

तिसरे, समुद्राचे. प्रत्येक बुडीबरोबर पाण्याचे तापमानही नोंदले जाते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी यंत्रे शेजारी-शेजारी ठेवून तपासली. प्रत्येक मॉडेलचा कल वेगळा, आणि यंत्राचे आवरण थंड व्हायला वेळ लागत असल्याने आकडा मागे राहतो, असे त्यांना दिसले. तरीही दुरुस्ती करून ही माहिती किनारी समुद्राच्या अभ्यासाला उपयोगी पडू शकते, हा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे. हंगामात त्या किनाऱ्यावर रोज माणसे पाण्याखाली जातात आणि प्रत्येक प्रशिक्षकाच्या मनगटावर एक थर्मामीटर असतो. त्या नोंदी एकत्र करायला मोठे यंत्र लागत नाही, किल्ली लागते. किल्ली तयार आहे.

कायदा आणि हक्क

दुसऱ्याच्या यंत्राची बोली अशी उकलणे चोरी नव्हे का, अशीही शंका निघते. कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. युरोपीय समुदायाने १९९१ साली संगणकप्रणालींविषयी काढलेल्या निर्देशात दोन स्वतंत्र प्रणालींना एकमेकींशी बोलता यावे एवढ्यापुरते उकल करण्याची मुभा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तशी तरतूद आली. ती माहिती सहज मिळण्यासारखी नसेल, तर स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामला जुळवून घेण्यासाठी ती मिळवणे हा भंग ठरत नाही. कंपनीचा प्रोग्राम उचलणे वेगळे आणि तिच्या यंत्राशी बोलायला शिकणे वेगळे, हा फरक कायदा मानतो.

डाइव्ह कॉम्प्युटर हा फार थोड्यांच्या वापरातला जिन्नस आहे. पण त्याच्या जागी घरातले साखर मोजण्याचे यंत्र ठेवून पाहा, हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ ठेवा, शेतातला ओलावा मोजणारा संवेदक ठेवा. प्रश्न तोच राहतो. शरीर माझे, शेत माझे, मोजमाप माझे, आणि ते वाचण्याची भाषा दुसऱ्याच्या तिजोरीत. यंत्र विकत घेताना आपण किंमत विचारतो, हमी विचारतो. 'यातली माझी नोंद मला कोणत्या रूपात मिळेल, आणि तुम्ही दुकान बंद केल्यावरही मिळेल का?' हे क्वचितच विचारतो.

हाल्डेन यांनी कोष्टके छापली तेव्हा त्यांच्यापुढे जिवाचा प्रश्न होता. जे लोक पाण्याखाली जाणार त्यांना हिशेब कळला पाहिजे, एवढी साधी निष्ठा त्यामागे होती. शंभर वर्षांनी काही प्रोग्रामरांनी एकेक बाइट उलगडत तीच निष्ठा नोंदीच्या बाबतीत पाळली. हे काम अपुरे आहे आणि अपुरेच राहील, कारण दरवर्षी नवी यंत्रे नवी बोली घेऊन येतात आणि कुणीतरी पुन्हा तारेला कान लावून बसतो. दादांच्या अंदमानातल्या बुड्या आता साध्या मजकुराच्या फायलीत आहेत. त्या कोणत्याही संगणकावर, कुणाच्याही परवानगीशिवाय उघडतात.